गर्दी आणि गणती
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



अमेरिकेचें नांव आपल्याला परकें नाहीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ तेथील गुलामगिरी मोडणाऱ्या सदाचारी लोकांसच अर्पण केला होता. त्याच देशांत २००८ सालीं बराक ओबामा या काळ्या गृहस्थांनीं डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी कशी मिळविली, तें आज आम्ही सांगणार आहों. जयजयकारासाठीं नव्हे, त्यांतला हिशेब समजावा म्हणून.

तेथें पक्षाचा उमेदवार एका दिवसांत ठरत नाहीं. राज्याराज्यांतून पक्षाचे लोक कौल देतात. त्यावरून कोणाला किती प्रतिनिधि हें ठरतें, आणि शेवटीं अधिवेशनांत प्रतिनिधींचीं डोकीं मोजतात. ओबामांच्या समोर हिलरी क्लिंटनबाई होत्या. माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, स्वतः सिनेटर, नांव घरोघर माहीत.

पहिला कौल त्या काळीं आयोवा या मका पिकविणाऱ्या राज्यांत लागे, आणि तोही पेटींत नव्हे. हिवाळ्याच्या रात्रीं लोक शाळेंत जमत व आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यांत उभे राहत. बहुतेक ठिकाणीं शेंकडा पंधरा माणसें ज्याच्याकडे नाहींत त्याचा कोपरा मोडे, मग शेजारी हांका मारीत, "या आमच्याकडे!" अशा ठिकाणीं हजारोंची सभा काय कामाची? ओळखीचा माणूस वेळेवर हाताला धरून आणील, तें खरें. ओबामांच्या स्वयंसेवकांना हें शिकविणाऱ्यांत मार्शल गँझ हे एक होते. त्यांनीं ही विद्या कॅलिफोर्नियांत सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघांत मिळविली होती. मळ्यांतील मजुरांची विद्या राष्ट्राध्यक्षाच्या कामीं आली, हें आम्हांस फार गोड वाटतें. ३ जानेवारीच्या रात्रीं आयोवांत चार वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट लोक आले. ओबामा पहिले, बाई तिसऱ्या.

आतां गणित ऐका. प्रतिनिधि मतांच्या प्रमाणांत वांटले जातात. हा नियम आकाशांतून पडला नाहीं. १९८८ सालीं जेसी जॅक्सन हे काळे पुढारी उमेदवारी हरले. मतें मात्र भरपूर पडलीं होतीं. त्यांनीं हट्ट धरला, आणि पुढें सर्वत्र प्रमाणशीर वांटणी आली. हरलेल्या माणसाच्या हट्टाचें पीक वीस वर्षांनीं दुसऱ्यानें कापलें.

या वांटणींत एक खुबी आहे. मतदारसंघांत चार जागा असल्या, तर शेंकडा साठ मतें मिळवूनही हातीं दोनच येतात. तिसरीसाठीं साडेबासष्ट लागतात. तीन जागा असल्या, तर एका मताच्या आघाडीनें दोन मिळतात. म्हणून कोठें हरलें तरी चालतें आणि कोठें झटलें पाहिजे, हें ओबामांच्या माणसांनीं आधींच मांडून ठेविलें होतें.

५ फेब्रुवारीला वीसहून अधिक राज्यांचा कौल लागला. न्यू जर्सींत अकरा लाखांवर मतें पडलीं. बाईंना ५९ प्रतिनिधि, ओबामांना ४८. अकरांची आघाडी. आयडाहो या बटाट्याच्या डोंगरी मुलुखांत जेमतेम एकवीस हजार लोक सभांना आले. ओबामांना १५, बाईंना ३. आघाडी बारांची! अकरा लाखांच्या राज्यापेक्षां एकवीस हजारांचें राज्य जड झालें, कारण तेथें एक पक्ष आधीं जाऊन बसला होता.

पण खरें तें बोललें पाहिजे. रात्रीं एका ठराविक वेळीं जमायचें, तर रात्रपाळीचा कामगार कोठून येणार? तान्ह्या मुलाची आई? बाईंच्या लोकांनीं ही तक्रार केली, ती आमच्या मतें रास्त होती. पुढें पुष्कळ राज्यांत पक्षानें ती रीत सोडली.

टेक्ससांत तर दोन्ही रीती एकाच दिवशीं होत्या. ४ मार्चला दिवसा पेटींत मत, आणि ज्यांनीं मत दिलें त्यांनींच रात्रीं पुन्हां सभेला यायचें. पेटींत बाई जिंकल्या. रात्रीच्या सभांत ओबामांचीं माणसें अधिक निघालीं. दोन्हींचा मेळ घातला तेव्हां त्या राज्यांतून बाईंना ९४ प्रतिनिधि मिळाले, ओबामांना ९९. तीन महिन्यांनीं, ३ जूनला, ओबामांच्या प्रतिनिधींची भरती पुरी झाली.