उत्पन्न आणि उत्पन्नकर्ता

मी महूहून बोलतोय.

मागच्या भाषणानंतर दोन प्रश्न आले. पहिला नेहमीचा: कर्नलसाहेब, बाजार एवढा महाग झालाय, आता पैसे घालावेत का? दुसरा जरा टोचणारा: तुम्ही ख्रिस्ती, उत्पन्नकर्त्या देवावर भरवसा ठेवणारे, मग बाजाराची एवढी भीती कशाला? दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट माझ्या चुकीची आहे.

2008 चा जानेवारी. मी तेव्हा लेफ्टनंट कर्नल होतो. सेन्सेक्स 21,000 ला शिवला होता. मेसमध्ये, पोरांच्या शाळेच्या गेटवर, दाढी करताना, सगळीकडे एकच विषय. आमचे एक सुभेदार साहेब नुकतेच निवृत्त झाले होते. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकून आलेले मिळून सहा लाख हातात. मला भेटायला आले आणि म्हणाले, "साहेब, आपण पेपर वाचता. घालू का?" मी म्हणालो, "घाला. देव बरं करील."

पैसे कधी लागणार आहेत, हे मी विचारलंच नाही. मुलीचं लग्न त्याच वर्षी दिवाळीनंतर ठरलेलं होतं.

त्या महिन्यात निफ्टीचं पी-ई 28 च्या वर होतं. पी-ई म्हणजे काय, तर कंपनीच्या एक रुपया वार्षिक नफ्यासाठी तुम्ही किती रुपये मोजता. 28 मोजले तर शंभराला साडेतीन रुपयांच्या आसपास कमाई पडते. तेव्हा बँकेत मुदतठेवीला आठ टक्क्यांच्या वर मिळत होतं. म्हणजे पुढे नफा खूप वाढेल, या आशेचेच पैसे आपण जास्त मोजत होतो. (जाता जाता एक सांगतो. 2021 पासून निफ्टीचं पी-ई उपकंपन्यांचा नफाही धरून काढतात. त्यामुळे जुना आकडा आणि आजचा आकडा सरळ शेजारी ठेवू नका, फसाल.)

ऑक्टोबरअखेर सेन्सेक्स 8,000 च्या खाली जाऊन आला. सुभेदार साहेबांनी त्याच सुमारास विकलं. सहाचे अडीच झाले. उरलेलं जमिनीवर कर्ज काढून भागवलं. माझेही पैसे त्याच बाजारात होते, पण मला दरमहा पगार होता, म्हणून मी हात लावला नाही. 2010 च्या नोव्हेंबरात सेन्सेक्स परत 21,000 वर आला. माझं नुकसान कागदावरचं होतं, ते पुसलं गेलं. त्यांचं खरं होतं, ते राहिलं.

लग्नाला गेलो होतो. मान वर होत नव्हती. ते म्हणाले, "साहेब, पांडुरंगाची इच्छा." हे वाक्य मला अजून बोचतं. ते वारकरी, मी ख्रिस्ती. पण त्यात पांडुरंगाचा काय संबंध? इच्छा माझी होती, अंदाज माझा होता, आणि त्यावर शिक्का मी देवाच्या नावाचा मारला होता. देवाचं नाव वाया घेऊ नये अशी आज्ञा मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केली. तिचा अर्थ शिव्या-शपथा एवढाच वाटायचा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आम्ही रविवारी उपासनेत उभे राहून आपला विश्वास म्हणतो, त्याची सुरुवातच उत्पन्नकर्त्यापासून होते. आकाश आणि पृथ्वी त्याने काही नसताना केली. मराठी मोठी गमतीची भाषा आहे. कमाईलाही उत्पन्न आणि निर्माण झालेल्यालाही उत्पन्नच. पण शून्यातून उत्पन्न करणारा एकच. शेअरचं उत्पन्न कुणीतरी कारखान्यात उभं राहतं, साबण विकतं, ट्रक हाकतं, तेव्हा येतं. बाजार तापला की आपल्याला वाटतं की भाव स्वतःच पैसा निर्माण करतोय. माझ्या विश्वासाप्रमाणे तो मान बाजाराचा नाही.

आणि मी उत्पन्नकर्ता नाही, तर उत्पन्न केलेला आहे. उद्याचं मला दिसत नाही. भरवशाचा अर्थ मी एवढाच घेतो. बाजारात माझी बाजू घेण्याचं देवाने कुठेही कबूल केलेलं नाही.

बुद्धिमान आस्तिकही इथे घसरतो. आयझॅक न्यूटन. 1713 च्या आवृत्तीत त्याने आपल्या 'प्रिन्सिपिया'ला उपसंहार जोडला आणि ही ग्रहमाला एका बुद्धिमान प्रभूच्या सत्तेखाली चालते असं मांडलं. त्रैक्याबद्दल त्याची मतं आमच्या चर्चला पटली नसती, तो वेगळा विषय. लंडनच्या टांकसाळीचा तो प्रमुख होता, म्हणजे पैसा त्याला कळत होता. 1720 मध्ये साउथ सी कंपनीचा शेअर जानेवारीत 128 पौंडांच्या आसपास होता. न्यूटनने वसंतात विकून नफा घेतला. भाव चढतच राहिला, उन्हाळ्यात हजाराजवळ गेला. न्यूटन पुन्हा शिरला, चढ्या भावाने. वर्ष संपताना भाव 200 च्या खाली होता. ग्रहांची गती त्याने मोजली होती, पण शेजाऱ्याचा नफा त्याला बघवला नसावा.

"थांबलं की परत येतंच" असं म्हणणाऱ्यांसाठी जपान. तिथला निक्केई 1989 च्या डिसेंबरअखेर 38,915 वर होता. ती पातळी त्याने 2024 च्या फेब्रुवारीत ओलांडली. 34 वर्षं. माझ्या वयाच्या माणसाने हा आकडा उशाशी ठेवावा.

मग मी काय करतो? बाजारातून पळालेलो नाही. महाग बाजार आणखी दोन-तीन वर्षं महाग राहू शकतो, हेही मला दिसत नाही. पण पाच वर्षांत लागणारा पैसा बाजारात नाही, मग भाव कितीही गोड असो. उरलेला दरमहा थोडा थोडा जातो. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात ठेवला होता. त्याला दुष्काळ येणार हे देवाने कळवलं होतं. आपल्याला टीव्हीवरचा टाय लावलेला माणूस कळवतो, तेव्हा पाचव्यापेक्षा जरा जास्तच ठेवलेलं बरं. फौजेत राखीव तुकडी न ठेवता हल्ला चढवणाऱ्याला आम्ही शूर म्हणत नसू.

गेल्या महिन्यात सुभेदार साहेबांच्या मुलाचा फोन आला. तोही आता नोकरीतून सुटलाय. "साहेब, बाजार महाग आहे म्हणतात. घालू का?"

"पैसे कधी लागणार?"

"पुढच्या मार्चमध्ये. घराचा स्लॅब टाकायचाय."

"मग बँकेत ठेव. आणि जरा वडिलांना फोन दे."