वेळणी पुन्हा काढा

मुंबईत लालबाग-परळच्या चाळींत, गिरगावच्या वाड्यांत कोकणातून आलेल्या बायका पातेल्यावर वेळणीचं झाकण धरून भात वेळायच्या, म्हणजे त्यातलं जास्तीचं पाणी ओतून काढायच्या. कुकर आला आणि वेळणी माळ्यावर गेली. आज तिची आठवण काढायची ती तांदळातल्या आर्सेनिक या विषारी द्रव्यामुळे.

गंगेच्या खोऱ्यात, बंगाल-बिहारमध्ये, अनेक ठिकाणी भूजलात आर्सेनिक आहे. पाणी साचलेल्या खाचरात ते मातीतून सुटतं आणि भाताचं पीक ते गव्हापेक्षा कितीतरी जास्त शोषतं. दाण्यात कोंड्याकडे ते अधिक, म्हणून हातसडीच्या तांदळातही अधिक. एका ताटाने काही होत नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोगाचा धोका वाढतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१४ साली पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

आपल्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा धरणांचं पाणी येतं, भूजल नव्हे. त्यात तांदूळ धुवा, सहापट पाण्यात शिजवा आणि वेळा. बरंचसं आर्सेनिक त्या पाण्याबरोबर जातं. ब जीवनसत्त्वंही जातात, हेही खरं. वेळलेलं पाणी मात्र बाळाला पाजू नका. त्याच्यासाठी तांदळाच्या पेजेबरोबर नाचणीचं सत्त्वही आलटूनपालटून ठेवा.