हौद, टिटवं आणि एक कप

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. गेल्या रविवारी घरच्यांना घेऊन महात्मा फुले वाड्यात गेलो होतो, त्याबद्दल बोलतो.

पुण्यातच वाढलो, पण कधी गेलोच नव्हतो. गंज पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यातच बाबांचा मूड गेला. आणि 'वाडा' म्हटल्यावर शनिवारवाडा डोळ्यांसमोर येत असेल तर विसरा. साधं, कौलारू, लाकडी खांबांचं घर. भिंतींवर जोतिराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेत. दहा मिनिटांत बघून होईल. आम्हाला दीड तास लागला, आजीमुळे.

आजी समाधीपाशीच थांबली. जोतिरावांना दहन नको होतं, मिठात पुरावं अशी इच्छा होती. घरामागे खड्डासुद्धा खणून ठेवलेला. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पण वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. शेवटी दहन झालं आणि अस्थी इथे आणल्या. अंत्ययात्रेत पुढं मडकं धरतात ना, टिटवं? ते कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, कारण यशवंत दत्तक मुलगा. मग सावित्रीबाईंनी स्वतःच धरलं. आजीनं मला हे दोनदा सांगायला लावलं. "बाईनं? तेव्हा?" एवढंच म्हणाली आणि कट्ट्यावर बसून राहिली.

मग हौदाचा विषय निघाला. १८६८ साली जोतिरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. स्वतःच्या घरचा, हे महत्त्वाचं. आई म्हणाली, "किती वाईट होते ना लोक तेव्हा."

आणि मला एकदम आमच्या ओट्याखालचा कप आठवला. कामाच्या मावशींचा. कान तुटलेला, वेगळा ठेवलेला. लहानपणापासून बघतोय. ऑफिसात समानतेच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये मला पैकीच्या पैकी मार्क आहेत बरं का! तिथे मी काहीच बोललो नाही. फोटो काढले.

घरी आल्यावर आईनं चहा केला. मी तो कप काढला, धुतला आणि त्यातच चहा ओतून घेतला. "अरे, तो..." म्हणून आई थांबली. बाबा टीव्हीकडे बघत होते. कुणीच काही बोललं नाही. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी मी घरूनच काम करत होतो. मावशी आल्या. आईनं, कुणी न सांगता, आमच्या सेटमधल्या कपात त्यांना चहा दिला. मावशी कपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, माझा कप फुटला का?"

आई माझ्याकडे बघायला लागली. माझी मीटिंग चालू होती. मी म्यूटवर होतो.

चला, भेटू पुढच्या भागात.