बैठकीची तारीख कोणाच्या सोयीची?

(परतूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिक्षणावर बोलण्यासाठी तुम्ही मला बोलाविलेत. पण मी जन्मभर अर्थशास्त्र शिकविले. तेव्हा शाळेविषयी बोलताना माझी जीभ जमाखर्चाकडे वळली तर तो दोष सवयीचा समजा.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे या समितीचे काम. बाविसावे कलम तर याही पुढे जाते: समितीने शाळेचा विकास आराखडा करावा आणि तोच सरकारी योजनांचा व अनुदानाचा आधार असावा. खालून वर जाणाऱ्या नियोजनाची मागणी आपण समाजवादी मंडळी कित्येक वर्षे करीत आलो. ती इतक्या स्वच्छ शब्दांत कायद्यात उतरली, याची आपल्यातल्या किती जणांनी दखल घेतली?

आता कायदा बाजूला ठेवून दिनदर्शिका पाहू. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या कित्येक गावांतून, आपल्या परतूर-मंठा भागातूनही, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. ती परततात पाडव्याच्या आगेमागे. आणि सरकारचे आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला. अनुदान उशिरा उतरते, आणि ते मार्चअखेर खर्ची पडलेच पाहिजे असा वरून लकडा असतो. म्हणजे पैसा खर्च होण्याच्या ऐन दिवसांत, ज्यांनी त्यावर देखरेख ठेवायची तेच पालक शंभर-दोनशे कोसांवर उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत असतात.

एका गावात, नाव घेत नाही, मी समितीचे ठरावपुस्तक चाळले. जानेवारीच्या ठरावाखाली एका सभासद बाईंची सही होती. त्या बाई तेव्हा फडात होत्या, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मुख्याध्यापकांना विचारले तेव्हा ते खजील झाले. ‘सर, गणपूर्ती कोठून आणू? पैसे परत गेले तर गाव मलाच बोलते,’ असे ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. खोटी सही समर्थनीय नाहीच. परंतु ज्या व्यवस्थेत प्रामाणिक माणसालाही ती करावीशी वाटते, त्या व्यवस्थेचा हिशेब एकट्या शिक्षकाकडे मागणे हा अन्याय आहे.

हंगामी वसतिगृहांचेही असेच. मूल आजीपाशी गावात राहावे, त्याला शाळेत जेवण मिळावे, अशी ही चांगली योजना. ती चालवावयाची समितीनेच. मात्र मंजुरी गाड्या गेल्यावर आली तर मूल केव्हाच कोपीत पोहोचलेले असते. दोन महिन्यांच्या दिरंगाईने त्याचे वर्ष बुडते.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक साधी गोष्ट दाखविली. संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. चोखंदळ माणसे आधी निघून गेली तर मागे आवाजच उरत नाही. परतूरच्या रस्त्यावर सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या पाहा. त्यांत सरपंचाची मुले आहेत, शिक्षकांची आहेत आणि, राग मानू नका, कार्यकर्त्यांचीही आहेत. समितीत बोलू शकणारा पालक त्या गाडीबरोबर जातो. उरतो तो हंगामात गावातच नसणारा.

‘लोकसहभाग’ या शब्दाविषयीही सावध राहा. शासनाला तो हवा असतो वर्गणीपुरता. २०२३ च्या सप्टेंबरात कंपन्यांनी व दात्यांनी शाळा दत्तक घेण्याची योजना निघाली. दत्तक निपुत्रिकाच्या घरी जाते. आईबाप जिवंत असताना मूल दत्तक कशाला द्यायचे! निजामी राजवटीत १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली, पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. तेव्हा लोकांनी शाळा चालविली, कारण सरकार परके होते. आज सरकार आपले म्हणवते आणि शाळेला पैसा देणे हे त्याचे कर्तव्य आहे. लोकांचे काम तो मागण्याचे आणि मोजण्याचे. तेही वरच्या पायरीवर अडले: २०२२ साली मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ आपल्या जिल्हा परिषदेत प्रशासकच होता. गावच्या समितीने आराखडा पाठवायचा, तो निवडून आलेल्या कोणापुढे?

तुम्हांला दोन तारखा देतो. आराखड्याची बैठक १५ ऑगस्टच्या सुमारास घ्या. सारे गाव घरी असते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची यादी त्याच दिवशी करा आणि पंचायत समितीत देऊन पोच घ्या. हिशेबाचे जाहीर वाचन १ मे रोजी करा. त्या सुमारास मुलांचे निकाल लागतात, तोडणीवाले परतलेले असतात, आणि १९८१ साली आपला जालना जिल्हाही त्याच दिवशी झाला. खर्चाच्या पावत्या शाळेच्या ओट्यावर मांडा. ज्या बाईंची सही जानेवारीत कोणी दुसऱ्याने केली होती, त्यांनाच पहिला प्रश्न विचारू द्या.