झोपलेल्या यंत्राचा पहारेकरी

तटावरचा शिपाई रात्रीं ठराविक वेळानें ‘आलबेल’ अशी आरोळी देई, तेव्हां तिचा अर्थ दुहेरी असे. शत्रु जवळ नाहीं, हा एक. आणि आरोळी देणारा स्वतः जागा आहे, हा दुसरा. आरोळी आली नाहीं, कीं नाईक कंदील घेऊन बाहेर पडे. आजच्या लहान लहान विजेच्या उपकरणांत हीच व्यवस्था बसविलेली असते. तिला वॉचडॉग टायमर, म्हणजे राखणदार कुत्र्याचें घड्याळ, असें नांव आहे.

पाण्याचें मीटर, शेतांतील ओल मोजणारें उपकरण, मनगटावरील नाडीमापक यांच्या पोटांत नखाएवढा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याला आज्ञांची एक मालिका नेमून दिलेली असते. विजेचा एखादा झटका बसला किंवा आज्ञा लिहिणाराची चूक झाली, तर तो घाण्याच्या बैलाप्रमाणें एकाच आज्ञेभोंवतीं फिरत राहतो. टेबलावरील संगणक असा अडला, तर माणूस तो बंद करून पुन्हां सुरू करतो. विहिरीच्या कांठावरील उपकरणापाशीं माणूस नसतो. तेथें हें काम वॉचडॉगचें. तो सतत उलट मोजत असतो. सुरळीत चाललेला कार्यक्रम वेळोवेळीं आलबेल देऊन ती मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू करवितो. आलबेल चुकली व मोजणी संपली, कीं वॉचडॉग सगळें यंत्र मुळापासून पुन्हां चालू करतो.

हा पहारा नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेचें क्लेमेंटाइन यान २५ जानेवारी १९९४ रोजीं उडालें. त्यानें चंद्राचे नकाशे टिपण्याचें काम उत्तम रीतीनें पार पाडलें. पुढें तें जिऑग्राफॉस नांवाच्या लघुग्रहाकडे जावयाचें होतें. परंतु ७ मे १९९४ रोजीं त्याच्या संगणकाचा तोल गेला, दिशा फिरविणारे झोत चालूच राहिले, इंधन संपलें आणि यान मिनिटास सुमारें ८० फेऱ्या या वेगानें गरगरूं लागलें. लघुग्रहाची भेट रहित झाली. वॉचडॉगची सोय यानांत होती. ती वापरणाऱ्या आज्ञा लिहिण्यास मात्र सवड मिळाली नव्हती.

खरी अडचण येते ती यंत्र झोपूं लागलें म्हणजे. बॅटरीवरील उपकरण सदोदित जागें ठेवणें परवडत नाहीं. शेतांतील उपकरणानें दहा मिनिटांनीं एक नोंद घ्यावयाची असेल, तर क्षणभर काम करून उरलेला सारा वेळ त्यानें झोपावें, हेंच शहाणपणाचें. पण मालक झोपला असतां पहारेकऱ्यानें काय करावें? तोही झोपला आणि उठविणारें घड्याळ कांहीं कारणानें वाजलेंच नाहीं, तर ती झोप कायमची ठरते. तो जागा राहिला, तर मालकाची लांबलेली झोप त्याला मरणासारखी वाटते व तो निरोगी यंत्रास उगाच हलवून उठवितो.

एसटीएम ३२ एफ ४ या जातीच्या मायक्रोकंट्रोलरांत दोन पहारेकरी असतात. एक मुख्य घड्याळावर चालतो. म्हणून गाढ झोपेंत त्याची मोजणी थांबते. दुसरा स्वतंत्र बाण्याचा. त्याचें घड्याळ वेगळें, तो झोपेंतही मोजत राहतो, आणि एकदां सुरू झाला म्हणजे कार्यक्रमाला तो बंद करतां येत नाहीं. त्याची जास्तींत जास्त मुदत कागदोपत्रीं सुमारें ३२.८ सेकंद भरते. पण हें घड्याळ काटेकोर नव्हे. सेकंदास ३२ हजार ठोके हा नुसता सर्वसाधारण आंकडा. प्रत्यक्षांत ते १७ हजारांपासून ४७ हजारांपर्यंत कोठेंही असूं शकतात. ठोके ४७ हजार पडले, तर तीच मुदत २२ सेकंदांवर येते. म्हणून दहा मिनिटांची झोप एका दमांत न घेतां वीस वीस सेकंदांच्या तीस डुलक्यांत वांटावी लागते, आणि प्रत्येक डुलकीच्या आधीं आलबेल द्यावी लागते.

एटीमेगा ३२८ पी या लोकप्रिय मायक्रोकंट्रोलरांत वॉचडॉगची मोठ्यांत मोठी मुदत सुमारें ८ सेकंदांची. पण त्याला एक सुंदर रीत शिकवितां येते. पहिली मुदत संपली, कीं तो यंत्राला नुसतें जागें करतो. जागें झालेल्या कार्यक्रमानें ओळख दिली तर ठीक. न दिली, तर दुसऱ्या मुदतीस तो सर्व कांहीं नव्यानें सुरू करतो. आधीं हांक, मग शिक्षा.

या जागरणाला मोल पडतें. तीन व्होल्टवर गाढ झोपेंत असलेला हा मायक्रोकंट्रोलर साधारणतः ०.१ मायक्रोअँपिअर वीज घेतो. पहारा चालू ठेवला, तर ४.२. २२० मिलिअँपिअर-तासांची नाण्याएवढी बॅटरी एवढ्या खर्चानें हिशेबाप्रमाणें सहा वर्षांत संपेल. म्हणून काटकसरी कारागीर पहारा काढून टाकूं पाहतात. परंतु दुसऱ्याच महिन्यांत मुकें झालेल्या उपकरणांत पांच वर्षांची वीज शिल्लक राहिली, तर ती बचत कोणाच्या उपयोगाची?

याहून घातक चूक निराळीच आहे. कांहीं कारागीर आलबेल देण्याचें काम ठराविक वेळानें आपोआप वाजणाऱ्या दुसऱ्या घड्याळावर सोंपवितात. मग मुख्य कार्यक्रम मरून पडला, तरी आरोळी चालूच राहते. ती आलबेल नव्हे, पोपटपंची होय. ओल मोजली गेली, नोंद लिहिली गेली, निरोप पाठविला गेला, एवढी खात्री पटल्यावरच आलबेल द्यावी. शिवाय यंत्र पुन्हां सुरू झालें, तर तें वॉचडॉगनें केलें काय, याची खूण बहुतेक मायक्रोकंट्रोलर राखून ठेवतात. ती आरंभींच वाचून नोंदवावी. नाहीं तर रोज पडून रोज उठणारें यंत्र धडधाकट समजलें जातें.

पहारेकरी नेमला म्हणजे घर सुरक्षित झालें, असें नाहीं. त्याचें घड्याळ मालकाच्या घड्याळाहून वेगळें हवें, त्याला मालकाच्या झोपेचें मान ठाऊक हवें, आणि त्याच्या कानीं पडणारी आलबेल केलेल्या कामाची साक्ष हवी. या तीन गोष्टी साधल्या, तर दूरच्या शिवारांतील एकटें यंत्र निर्धास्तपणें झोपूं शकतें.