आफ्रिकेची बाजारपेठ, अमेरिकेचा काटा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात आफ्रिका कशाला, असे कोणी विचारील. मालीतल्या कुतियाला भागातला शेतकरी आपल्यासारखाच कोरडवाहू आहे. एक-दोन हेक्टर कपाशी, तीही पावसाच्या भरवशावर. वेचणी हाताने, फेरपालटीला ज्वारी-बाजरी. ज्वारी तर मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. त्याच्या रुईचा आणि आपल्या रुईचा भाव ज्या जागतिक बाजारावर हलतो तो बाजार एकच. त्याच्या दारात अमेरिका काय करते ते पाहिले, म्हणजे आपल्या दाराशी काय येऊ घातले आहे ते समजते.

व्यापाराला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांनी निर्यातबंदी घालून वर्षानुवर्षे आमचे भाव पाडले, त्यांच्याकडून आम्हाला स्वदेशीचे धडे नकोत. अमेरिकेच्या कारखानदाराने ट्रॅक्टर विकला, नैरोबीच्या माणसाने तो घेतला, दोघांनाही परवडले, तर तिसऱ्याने त्यात नाक खुपसण्याचे कारण नाही. आमची तक्रार आहे ती या सौद्यात वॉशिंग्टनचे सरकार काट्यावर हात ठेवून उभे असते, त्याबद्दल.

हा हात जुना आहे. अमेरिकी माल विकला जावा म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला कर्ज आणि हमी देणारी त्यांची सरकारी निर्यात-आयात बँक १९३४ सालची. १९५४ साली पीएल-४८० कायदा आला. त्यांच्याकडे न खपणारे धान्य मदत म्हणून बाहेर पाठवायचे, आणि त्यातले किमान अर्धे अमेरिकी जहाजांतूनच न्यायचे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या घरोघरी आलेली ती लाल मिलो इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. तशीच ज्वारी पुढे अनेक वर्षे सुदानला, चाडला गेली. ज्या भागात ज्वारी जन्मली, तिथल्या शेतकऱ्याच्या बाजारात अमेरिकेची ज्वारी! भुकेल्याला धान्य मिळाले हे खरेच, पण पाऊसपाणी बरे झाल्यावर शेजारच्या शेतकऱ्याचे पोते कोणी विचारीना, हेही खरे.

मग १८ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘अगोवा’ कायद्यावर सही केली. आफ्रिकेतल्या गरीब देशांचा माल अमेरिकेत बिनजकातीने येऊ द्यायचा, असा हा कायदा. ऐकायला दान वाटते. सुरुवातीच्या वर्षांत बिनजकातीने गेलेला बहुतेक माल म्हणजे नायजेरिया, अंगोलाचे खनिज तेल, ते सोडा. कायद्यातली अट पाहा. सवलत हवी असेल तर त्या देशाने अमेरिकी माल आणि भांडवल यांच्या वाटेतले अडथळे दूर करत आणले पाहिजेत. कोण पात्र, कोण अपात्र हे दर वर्षी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरवणार. सावकाराने वाडा उघडा ठेवला आणि किल्ली कमरेला लावली, तसे हे झाले.

ही किल्ली फिरते कशी, ते कोंबडीच्या तंगडीवरून कळते. अमेरिकेत लोकांना कोंबडीची छाती आवडते, तंगडी मागे उरते. छातीवरच नफा सुटला की तंगडी मिळेल त्या भावाने बाहेर काढता येते. दक्षिण आफ्रिकेने २००० साली या स्वस्त मालावर जादा जकात बसवली, म्हणजे तिथला कोंबडीवाला आणि त्याला मका विकणारा शेतकरी, दोघेही तगतील. पंधरा वर्षे ती टिकली. २०१५ साली अगोवाची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा कोंबडीच्या धंद्याच्या राज्यांतले सिनेटर उठले. आमची तंगडी घ्या, नाहीतर तुमची संत्री, तुमची वाइन बिनजकातीने येणार नाही! दक्षिण आफ्रिकेने दर वर्षी ६५,००० टन हाडासकट कोंबडी त्या जादा जकातीशिवाय घेण्याचे कबूल केले. तरी माल हलेना, तेव्हा शेतमालाची सवलत काढून घेण्याची नोटीस निघाली. २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकी कोंबडी तिथे उतरली. याला निर्यातीचे प्रोत्साहन म्हणतात.

दुसरी गोष्ट जुन्या कपड्यांची. अमेरिकेत टाकलेले कपडे गाठी बांधून आफ्रिकेत विकले जातात. त्यांना तिकडे मितुंबा म्हणतात. २०१६ साली पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ठरवले, की हे कपडे टप्प्याटप्प्याने बंद करायचे आणि आपल्या गिरण्या उभ्या करायच्या. रवांडाने जकात किलोला २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेली. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०१७ साली सरकारकडे अर्ज केला. केनिया, टांझानिया, युगांडा मागे सरले. रवांडा सरला नाही. ३० जुलै २०१८ पासून त्याच्या तयार कपड्यांची बिनजकात सवलत गेली.

इथे आम्ही रवांडाच्या सरकारची आरतीही ओवाळणार नाही. केनियातल्या गरिबाचे अंग मितुंबानेच झाकते, नैरोबीच्या गिकोंबा बाजारात हजारोंची चूल त्यावर पेटते. गिरण्या बुडाल्या त्याला इतरही कारणे होती. पण अंगावर कोणता कपडा घालायचा ते त्या माणसाने ठरवावे आणि जकात किती ते त्याच्या सरकारने. टाकलेल्या सदऱ्यांच्या व्यापाऱ्याने वॉशिंग्टनमध्ये अर्ज करून ठरवावे, हा कुठला खुला बाजार?

आता कापूस. २००१-०२ च्या हंगामात जगात रुईचा भाव पौंडाला ४० सेंटच्या आसपास पडला. तीस वर्षांत असा भाव नव्हता. त्या वेळी अमेरिकेत कापूस पिकवणारे सुमारे २५,०००. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत हिशोब मांडला, की १९९९ ते २००२ या चार हंगामांत त्यांना सरकारकडून सुमारे साडेबारा अब्ज डॉलर मिळाले, आणि पिकाची सगळी किंमत होती सुमारे चौदा अब्ज! शिवाय ‘स्टेप टू’ नावाची योजना. अमेरिकी रुई महाग पडली, तर ती घेणाऱ्या गिरणीला आणि निर्यातदाराला फरक सरकार देणार.

मालीच्या शेतकऱ्यावर तर दोन्हीकडून मार होता. कापूस एकाच सरकारी कंपनीला घालायचा, तिने ठरवलेल्या भावाने. एकाधिकार खरेदी म्हणजे काय, हे १९७२ पासून ती भोगलेल्या आपल्याला कोणी सांगायला नको. २००० साली मालीतल्या अनेक शेतकऱ्यांनी कापूस पेरलाच नाही. उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. मालीची सीमा ओलांडून कोणी पुढारी तिथे गेला नव्हता. त्यांचे त्यांनीच ठरवले.

२००३ साली माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या चार देशांनी कापसाची सबसिडी बंद करा, अशी मागणी जिनिव्हात लेखी मांडली. त्याच सप्टेंबरात कानकूनची परिषद मोडली. ब्राझील दावा जिंकला, २००६ साली स्टेप टू बंद झाली, बाकीची मदत चालूच राहिली. शेवटी २०१४ साली अमेरिकेने ब्राझीलच्या कापूसवाल्यांना ३० कोटी डॉलर देऊन भांडण मिटवले. मालीच्या शेतकऱ्याला त्यातला एक पैसाही मिळाला नाही, कारण दावा लावण्याची ऐपत त्याच्या सरकारची नव्हती. अगोवाची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली तेव्हा नवा कायदा तयार नव्हता, आणि शिलाईच्या कारखान्यांवर जगणाऱ्या लेसोथोसारख्या देशाला उद्याची ऑर्डर कोणत्या जकातीने जाईल ते सांगता येत नव्हते.

आता आपल्या दारात या. २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के आयातशुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीने ते काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. कारण दिले गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी हे. आठच दिवसांनी, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के जकात लावली. मालीसारख्या सर्वांत गरीब देशांच्या कापसाला भारताने २००८ सालीच सवलत जाहीर केलेली होती. मग ११ टक्के गेले त्याचा लाभ कोणाच्या गाठींना, ते आपण समजून घ्या. आणि दिवस कोणते? पेरणी होऊन गेलेली, खत-फवारणीचे पैसे घातलेले, कपाशी पाती-फुलांवर. वेचणी अजून लांब. पेरण्याआधी सांगितले असते, तर ज्याला ज्वारी किंवा तूर करायची त्याने ती केली असती.

म्हणून या मेळाव्यातून आपल्या खासदारांकडे एकच मागणी लेखी द्यायची आहे. कापसाच्या आयातशुल्कात काय फेरफार करायचा तो मे महिना संपण्यापूर्वी जाहीर करा, आणि एकदा जाहीर केलेला हंगाम संपेपर्यंत बदलू नका. सह्यांचे कागद मंडपाच्या दाराशी ठेवले आहेत. बायांनी वेगळ्या रांगेत थांबू नये, सातबारा कोणाच्याही नावावर असो, सही दोघांचीही पाहिजे.