वचनाचा व्यापार : आयुर्विम्याचे प्रकार आणि त्यांची विक्री



धान्य संपले म्हणजे गृहस्थ आपल्या पायांनी दुकानात जातो. कापड घ्यावयाचे असेल तर ते हातात घेऊन पारखतो. आयुर्विम्याचे तसे नाही. येथे विकली जाणारी वस्तू म्हणजे कागदावर लिहिलेले एक वचन असते. ते पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांनी पाळावयाचे असते, आणि ज्याने ते विकत घेतले तो कित्येकदा ते पाळलेले पाहण्यास हयात नसतो. आपल्या मृत्यूचा विचार आपण होऊन करणारा माणूस विरळा. म्हणूनच विम्याच्या व्यवसायात ग्राहक विक्रेत्याकडे जात नाही, विक्रेत्यालाच ग्राहकाच्या दारी जावे लागते. या एका गोष्टीतून या व्यवसायाचे बळ निर्माण झाले आणि त्याचे दोषही.

या वचनामागील गणित साधे आहे. समजा, तीस वर्षे वयाच्या एक हजार माणसांनी एका वर्षापुरता प्रत्येकी एक लाख रुपयांचा विमा उतरविला, आणि त्या वर्षात त्यांपैकी दोघे मरण पावतील असा अनुभवसिद्ध अंदाज आहे. दोन कुटुंबांना द्यावयाचे दोन लाख रुपये हजार जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास दोनशे रुपये येतात. त्यात व्यवस्थेचा खर्च मिळविला की हप्ता ठरला. ते दोघे कोण असतील हे कोणासही सांगता येत नाही. किती असतील हे मात्र बऱ्याच अंशी सांगता येते. हाच शुद्ध मुदत विमा होय. मुदतीत मृत्यू आला तर वारसांना पूर्ण रक्कम मिळते, न आला तर काहीही मिळत नाही. थोड्या पैशांत सर्वाधिक संरक्षण देणारा हाच प्रकार आहे, आणि विकावयास सर्वांत अवघड प्रकारही हाच.

वय वाढते तसा मृत्यूचा संभव वाढतो, म्हणून दर वर्षी हप्ताही वाढावयास हवा. तो आयुष्यभर सारखाच ठेवावयाचा असेल तर तरुणपणी गरजेपेक्षा अधिक रक्कम घेऊन ती साठवावी लागते. या साठ्यातूनच इतर प्रकार जन्मास आले. आजीवन विम्यात मृत्यू केव्हाही येवो, रक्कम वारसांना मिळते. सावधी विम्यात ठरलेली मुदत संपताच विमेदार हयात असला तर रक्कम त्याच्याच हाती पडते. ‘मनी बॅक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात ती टप्प्याटप्प्याने मिळते. वीस वर्षांच्या एका रूढ योजनेत पाचव्या, दहाव्या व पंधराव्या वर्षी विमा रकमेचा प्रत्येकी 20 टक्के आणि शेवटी 40 टक्के भाग देण्याची पद्धत होती. वार्षिकीचा हेतू याच्या उलट असतो. लवकर मरण आल्यास कुटुंबाचे काय, हा विम्याचा प्रश्न. फार काळ जगल्यास स्वतःचे काय, हा वार्षिकीचा प्रश्न. पुढे युनिट-संलग्न योजना आल्या. त्यांत हप्त्याचा मोठा भाग बाजारात गुंतविला जातो आणि चढउताराचा धोका विमेदाराच्या माथी राहतो.

भारतात हे वचन प्रथम भारतीयांसाठी नव्हते. 1818 साली कलकत्त्यात स्थापन झालेली ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी ही या भूमीवरील पहिली विमा कंपनी होती, परंतु तिची दृष्टी मुख्यतः युरोपियनांवर होती. पुढे भारतीयांचे विमे उतरविले जाऊ लागले तेव्हाही त्यांच्याकडून अधिक दर घेतला जाई. 1870 साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देऊन हा भेद मोडला. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याने आणखी एक मोलाची सोय केली. पत्नी व मुले यांच्या हितासाठी या कायद्याखाली घेतलेल्या विम्याची रक्कम ही त्यांच्यासाठी राखलेली विश्वस्त ठेव मानली जाते. पतीच्या सावकारांना तिच्यावर सहसा हात टाकता येत नाही.

वचन देणारे वाढले, तसे ते मोडणारेही निघाले. कंपन्या बुडाल्या, विमेदारांचा पैसा मालकांच्या इतर उद्योगांकडे वळला. 1938 च्या विमा कायद्याने नियंत्रण आणले, पण ते पुरे पडले नाही. 19 जानेवारी 1956 रोजी अध्यादेश निघाला आणि 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी कंपन्या व 75 प्रॉव्हिडंट संस्था अशा एकूण 245 संस्थांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्याचे भांडवल 5 कोटी रुपये आणि शाखा 212 होत्या. विमा गावोगावी न्यावा आणि लोकांची बचत राष्ट्राच्या कामी लावावी, हा त्यामागील उद्देश होता. 1999 च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले.

मालक बदलले, तरी दारी येणारा माणूस बदलला नाही. तो म्हणजे विमा प्रतिनिधी. बहुधा तो त्याच गावचा, नात्यातला किंवा ओळखीतला असतो. त्याला पगार नसतो; मिळते ती दलाली. अनेक दशके कायद्याने तिची कमाल मर्यादा पहिल्या वर्षी हप्त्याच्या 35 टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यानंतर 5 टक्के अशी ठेवली होती. वीस हजार रुपयांच्या वार्षिक हप्त्यावर कमाल दराने पहिल्या वर्षी सात हजार रुपये मिळत, चौथ्या वर्षी एक हजार. नवे विमापत्र विकण्यात लाभ मोठा आणि जुने चालू ठेवण्यात थोडा, हे यातून उघड होते. तसेच दलाली हप्त्यावर असल्याने स्वस्त मुदत विम्यापेक्षा महाग सावधी विमा विकणे प्रतिनिधीस परवडते. ग्राहकालाही ‘पैसे परत मिळतील’ हे शब्द गोड वाटतात. परिणामी कुटुंबाची गरज दहा लाखांच्या संरक्षणाची आणि घरात विमा एक लाखाचा, असे चित्र दिसते. 2023 पासून दलालीच्या स्वतंत्र मर्यादांऐवजी कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली. पण मूळचा ओढा त्याने नाहीसा होत नाही.

हप्ते थांबले की विमापत्र बंद पडते. पूर्वी पहिल्या एक-दोन वर्षांतच ते सोडणाऱ्यास बहुतेक योजनांत काहीही परत मिळत नसे. ऑक्टोबर 2024 पासून, पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असल्यास, पहिल्या वर्षानंतरही काही रक्कम देण्याचे बंधन आले. साठा अपुरा पडल्याने होणारे नुकसान असे अंशतः भरून निघते. परंतु संरक्षण गमावल्याचे नुकसान कोणताही नियम भरून काढू शकत नाही.

पगारातून हप्ता कापून घेण्याची योजना याच अडचणीवर उपाय म्हणून निघाली. तीतही एक फट होती. दिल्लीतील एका कर्मचाऱ्याचे हप्ते त्याच्या मालकाकडून वेळेवर पोहोचले नाहीत, आणि तो मरण पावल्यावर विमा बंद पडल्याचे कारण पुढे आले. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, या योजनेत हप्ता गोळा करणारा मालक हा विमा महामंडळाचाच प्रतिनिधी ठरतो; त्याच्या चुकीचा भार विधवेवर टाकता येणार नाही. दारी आलेल्या माणसावर विमेदार विश्वास ठेवतो. त्या विश्वासाचे दायित्व संस्थेने पत्करले पाहिजे, हे तत्त्व या निर्णयाने अधोरेखित केले.

विमेदाराचेही काही कर्तव्य आहे. प्रस्तावाचा अर्ज बहुधा प्रतिनिधी भरतो आणि ग्राहक केवळ सही करतो. जुना आजार त्यात लिहिला गेला नाही, तर वारसांचा दावा त्याच ओळीपाशी अडतो. आजच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे लोटल्यावर विमापत्राला आव्हान देता येत नाही. मात्र ती तीन वर्षे सत्यानेच सुरक्षित होतात. विमापत्र हाती आल्यावर ते वाचून परत करण्यास 30 दिवसांची मुदत असते. ती बहुधा कपाटातच संपते.

विम्याच्या विक्रीची खरी कसोटी वर्षअखेरीच्या आकड्यांत नसते. वीस वर्षांनी एखादी स्त्री जुनी पेटी उघडून तो कागद बाहेर काढते, तेव्हा ती लागते. कागद चालू आहे, रक्कम घर सावरण्याइतकी आहे आणि तिचे नाव त्यावर नीट लिहिलेले आहे, एवढे आढळले तर ती विक्री प्रामाणिक होती असे म्हणता येईल.